उजेडाचा जमाखर्च

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर पहाटे उभे राहिले असता, बोट सुटण्यापूर्वी खलाशांची जी धावपळ दिसते तिच्यात जाळ्यांच्या आवराआवरीपेक्षाही निकडीची एक गोष्ट असते, आणि ती म्हणजे बर्फ. बर्फाच्या कारखान्यात खाऱ्या पाण्याच्या विस्तीर्ण टाकीत रांगेने बुडवून ठेवलेले पत्र्याचे उंच डबे साखळीने वर उचलले जातात, साध्या पाण्यात क्षणभर बुडवून सैल केले जातात, आणि त्यांतून निसटलेल्या काचेसारख्या लाद्या ओल्या फरशीवरून घसरत यंत्राच्या तोंडाशी येतात; तेथे त्यांचा चुरा होतो, आणि तो चुरा बोटीच्या खणांत भरला जातो. चार-चार दिवस समुद्रात काढणाऱ्या तांडेलाचे सारे अर्थकारण या चुऱ्यावर उभे असते, कारण वाटेत बर्फ संपला की बोट बंदराला लागण्याआधीच सुरमईचा भाव पडलेला असतो. त्या लादीकडे पाहताना मला नेहमी वाटते, की आपल्या शहराच्या वीजवापराचा विचार करावयाचा तर तो येथूनच सुरू करावा. ही लादी म्हणजे हाताला लागणारी, वजनावर विकली जाणारी, गोठलेली वीज आहे.

एक टन बर्फ तयार करण्यास साधारणतः पन्नास ते साठ युनिट वीज खर्ची पडते. म्हणजे दिवसाला वीस टन बर्फ काढणारा कारखाना हजार-बाराशे युनिट वापरतो, आणि महिन्याला शंभर युनिटांत भागवणाऱ्या कुटुंबाला तेवढी वीज दहा-बारा महिने पुरली असती. बर्फाचा भाव बंदरावर पोरासोरांना तोंडपाठ असतो. परंतु आपले शहर बर्फासाठी किती वीज वापरते, पाणी चढवण्यासाठी किती, रस्त्यावरच्या दिव्यांसाठी किती, आणि यांपैकी किती सकाळी, किती दुपारी व किती रात्री लागते, असा प्रश्न केला तर त्याचा एकत्र मांडलेला हिशेब सामान्य नागरिकाच्या हाती लागेल अशा कोणत्याही दप्तरात नसतो. माझे म्हणणे एवढेच आहे, की किनाऱ्यावरील शहराने सूर्याची अथवा वाऱ्याची वीज स्वीकारण्यापूर्वी आपला जमाखर्च स्वतः मांडण्यास शिकले पाहिजे. तो मांडला तरच ती वीज त्याची स्वतःची होईल, एरव्ही तीही वरून उतरलेली आणखी एक योजना ठरेल.

कोकणाच्या बाबतीत हे विशेष आग्रहाने सांगावे लागते, कारण वीज देण्याची वहिवाट या भूमीला शंभराहून अधिक वर्षांची आहे. १९१५ साली टाटांच्या जलविद्युत केंद्रातून खोपोलीची वीज मुंबईला जाऊ लागली. पुढे १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा येथील केंद्रे सुरू झाली. सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेले पाणी कोकणात उतरवावयाचे आणि त्या उतरणीतून निघालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना पुरवावयाची, असा तो क्रम होता. त्याच गिरण्यांच्या साच्यांवर रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेले हजारो चाकरमानी उभे होते. कोकणाचे पाणी आणि कोकणाची माणसे एकाच छपराखाली राबत होती, आणि मागे उरलेल्या घरांत कंदील जळत होते, किंवा त्याहूनही मागे उंडिणीच्या कडू तेलाचे दिवे. स्वातंत्र्यानंतर कोयना प्रकल्प झाला, तोही याच नियमाने. सुमारे १९६० मेगावॅटच्या या प्रकल्पाची, धरणाच्या पायथ्याचे लहान केंद्र वगळता, सर्व वीजगृहे घाटाच्या या बाजूला, चिपळूण तालुक्यात आहेत. आणि देशाच्या औद्योगिक जीवनात महाराष्ट्राला जे अग्रस्थान लाभले त्यात या विजेचा वाटा फार मोठा आहे. त्याविषयी कोकणी माणसाला खंत असण्याचे कारण नाही. दिलेल्या दानाची नोंदही कोठे राहू नये, एवढेच मनाला लागते.

पुढचा अध्याय मात्र खंत करण्यासारखा आहे. १९९३ च्या डिसेंबरात दाभोळ प्रकल्पाच्या वीजखरेदीचा करारनामा झाला. १९९५ साली तो रद्द झाला आणि वाटाघाटींनंतर पुन्हा जिवंत झाला. १९९९ साली अंजनवेलच्या माळावर ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ साली बंदही पडला. त्या वर्षाअखेर प्रकल्पामागील मूळ कंपनी अमेरिकेत दिवाळखोरीत निघाली, आणि २००५ साली सार्वजनिक क्षेत्राच्या पुढाकाराने नवी कंपनी स्थापून प्रकल्प सावरावा लागला. या प्रकरणातील राजकारण बाजूला ठेवले तरी त्यातील आर्थिक धडा आजही ताजा आहे. राज्याला नेमकी किती वीज, कोणत्या वेळी, कोणत्या दराने लागणार आहे याचा पुरता अदमास न घेता इतका मोठा वायदा करण्यात आला, की वीज घेतली अथवा न घेतली तरी क्षमतेचा आकार भरणे बंधनकारक होते; इंधन परदेशातून यावयाचे होते, आणि त्याच्या किमतीचा दोर डॉलरला बांधलेला होता. गरजेचे माप दुसऱ्याने घ्यावे, इंधन दुसऱ्याने आणावे आणि बिल मात्र आपण भरावे, अशी ती व्यवस्था होती. त्यानंतर जयगडला परदेशी कोळशावर चालणारा १२०० मेगावॅटचा प्रकल्प आला, आणि माडबनच्या सड्यावर ९९०० मेगावॅटच्या अणुवीज प्रकल्पाचा प्रस्ताव आला. प्रत्येक वेळी वाद झाला, प्रत्येक वेळी मोबदल्याची चर्चा झाली; परंतु ज्या किनाऱ्यावर हे सारे उभे राहते त्या किनाऱ्याची स्वतःची गरज काय आहे, हा प्रश्न कोणत्याही बाजूने मुख्य प्रश्न म्हणून मांडला गेल्याचे मला स्मरत नाही.

आता सूर्य आणि वारा यांकडे वळू. सरकारी भाषेत या ऊर्जेला दीर्घकाळ ‘अपारंपरिक’ म्हणत आले आहेत, आणि किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाच्या कानाला हा शब्द खटकल्यावाचून राहत नाही. ज्या किनाऱ्याची गलबते, मचवे आणि पडाव शतकानुशतके केवळ वाऱ्यावर मलबारापासून मस्कतपर्यंत गेले, ज्याची मिठागरे आणि बोंबलांच्या वलांडी केवळ उन्हावर चालल्या, त्याला ऊन आणि वारा अपारंपरिक कसे? अपारंपरिक म्हणावयाचे तर ते दगडी कोळशाला म्हणावे. आणि त्या जुन्या व्यवहारातील खरी शिकवण वाऱ्याच्या उपयोगापेक्षा त्याच्या शिस्तीत होती. ज्येष्ठात बंदरे मिटत, गलबते किनाऱ्यावर ओढून शाकारली जात, आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात लोटली जात. निसर्ग जेव्हा देत नसे तेव्हा न मागण्याची ती रीत होती. वर्षाच्या चक्राशी काम जुळवून घेणे ही त्या पिढ्यांना लाचारी वाटली नाही. तिला त्यांनी व्यवसायाचे ज्ञान मानले.

ते चक्र आजही संपलेले नाही. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस बंदी असते, आणि याच दोन महिन्यांत कोकणावर आभाळ पुरते झाकोळलेले असते. सौर विजेवर घेतला जाणारा सर्वांत मोठा आक्षेप असा, की जेथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो तेथे सूर्याचा काय भरवसा? परंतु ज्या दिवसांत सूर्य नसतो त्याच दिवसांत बंदरही मिटलेले असते, बर्फाच्या कारखान्यातील टाक्या शांत असतात, आणि पंख्यांचा वापरही वैशाखाच्या मानाने उतरलेला असतो. शहराची गरज आणि सूर्याची देणगी यांची मासवार मांडणी शेजारी-शेजारी करून पाहिली, तर वरवर वाटतो तितका विरोध त्यांच्यात सापडत नाही. हा मेळ कागदावर मांडल्याखेरीज डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच जमाखर्चाचा आग्रह.

याच कागदावर आणखी एक गोष्ट दिसते. सौर विजेची दुसरी अडचण अशी सांगतात, की ती दिवसा निर्माण होते आणि माणसाला हवी असते सायंकाळी. साठवावी म्हटले तर बॅटऱ्यांचा खर्च आवाक्याबाहेर जातो. अडचण खरी आहे. परंतु ज्या गावात बर्फ हा मुख्य धंद्याचा प्राण आहे त्या गावाजवळ एक साठवणूक पिढ्यान्‌पिढ्या आयती आहे, हे आपण विसरतो. वीज साठवणे कठीण. थंडावा साठवणे सोपे. दुपारच्या लख्ख उन्हात कॉम्प्रेसर पूर्ण ताकदीने चालवून लाद्या तयार केल्या, खाऱ्या पाण्याची टाकी चांगली गारठवून ठेवली, आणि रात्री यंत्र विसावू दिले, तर पहाटे बोटीत चढणारा बर्फ हा आदल्या दिवशीचे ऊनच असेल. त्यासाठी कॉम्प्रेसर थोडा मोठा बसवावा लागेल आणि टाकीच्या भिंतींना अधिक जाड आच्छादन द्यावे लागेल. हिशेबही डोळ्यांआड करण्यासारखा नाही: एक किलोवॅटचा सौर संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतो आणि शंभरेक चौरस फूट जागा घेतो, म्हणजे वीस टनांच्या कारखान्याला अडीचशे ते तीनशे किलोवॅट, अर्थात तेवीस ते अठ्ठावीस गुंठे छप्पर लागेल. एवढे छप्पर एका कारखान्याजवळ नसते. पण लिलावगृहाची, गोदामांची, शाळांची, सरकारी कचेऱ्यांची छपरे एकत्र धरली तर बंदराच्या परिसरात ते दुर्मीळ नाही. केंद्र सरकारने २०२३ साली ग्राहकहक्कांच्या नियमांत दुरुस्ती करून उन्हाच्या तासांतील वीज स्वस्त आणि सायंकाळची महाग करण्याचे तत्त्व स्वीकारले, तेव्हापासून अशा वेळापत्रकाला दराचेही पाठबळ मिळाले आहे.

पावसाळ्यातील घरगुती व इतर गरज उरतेच, आणि तिच्यासाठी सह्याद्रीकडे पाहावे लागेल. १९८६ साली देशाच्या किनाऱ्यांवर जी पहिली प्रायोगिक पवनकेंद्रे उभी राहिली, त्यांत गुजरातेतील ओखा आणि तामिळनाडूतील तुतिकोरिन यांच्या जोडीला कोकणाचा किनाराही होता. ५५ किलोवॅटची ती यंत्रे आजच्या मानाने खेळण्यासारखी वाटतील, पण देवगडच्या कड्यावर फिरणाऱ्या पात्यांनी एका पिढीला वाऱ्याकडे नव्या नजरेने पाहावयास शिकवले. पुढे अनुभवाने कळले, की किनाऱ्यापेक्षा घाटमाथ्यावरील पठारे अधिक वारा देतात. कोयनेच्या जलाशयावरील वनकुसवड्याचे पठार याची साक्ष आहे. हा वारा नैर्ऋत्य मोसमी असल्यामुळे सूर्य लपतो तेव्हाच जोरात असतो. आणि या दोहोंना सांभाळून घेणारी कोयना घाटातच आहे. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्याला वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली असल्यामुळे तिचा प्रत्येक थेंब मोलाचा आहे. दुपारची गरज उन्हाने भागवली तर ते पाणी सायंकाळच्या चढत्या मागणीसाठी राखता येते. ऊन, वारा आणि पाणी ही तीन भावंडे एकाच घरची आहेत. त्यांना एका पंक्तीला बसवण्याचे काम माणसाचे आहे.

समुद्राविषयी मात्र संयमाने बोलावे. किनाऱ्यावर राहणाऱ्यास लाटांची आणि भरती-ओहोटीची शक्ती पाहून भुरळ पडणे स्वाभाविक आहे. पण केरळात विळिंजम येथे १९९१ साली उभारलेले १५० किलोवॅटचे लाटांवरचे केंद्र प्रयोगाच्या पायरीपलीकडे गेले नाही, आणि आपल्या किनाऱ्यावरील भरतीची उंची खंभातच्या आखाताच्या तुलनेने फार थोडी आहे. जे आज छपरावर हाताला येते ते सोडून क्षितिजावरच्या आशेत रमणे हिशेबी माणसाला शोभत नाही.

याहून गंभीर आक्षेप न्यायाचा आहे. छपरावर सौर संच बसवण्यासाठी प्रथम छप्पर स्वतःचे असावे लागते. २०२४ साली सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत तीन किलोवॅटपर्यंतच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंतचे अनुदान आहे, आणि ते स्वागतार्हच आहे. परंतु ज्याच्या नावावर सातबारा अथवा घरपट्टीचा उतारा आहे, ज्याच्या स्लॅबवर सावली पडत नाही, आणि ज्याला उरलेली रक्कम उभी करता येते, त्याच्यापर्यंतच ते सहज पोहोचते. खाडीच्या काठाला एकमेकांना टेकून उभ्या असलेल्या खारव्यांच्या आणि दालद्यांच्या मच्छीमार वस्त्यांतील घर, भाड्याच्या खोलीत राहणारे कुटुंब, पर्ससीन बोटीवर हंगामापुरता आलेला खलाशी यांना त्याचा काय उपयोग? आणि सधन घरांनी आपापली वीज निर्माण करून बिले शून्यावर आणली, तर तारा, खांब आणि रोहित्रे यांच्या देखभालीचा बोजा कोणावर पडतो? स्थिर आकार आणि वहन आकार या रूपाने तो उरलेल्यांवर, म्हणजे बहुधा गरिबांवर येतो. सूर्य सर्वांवर सारखा तळपतो, पण त्याची वीज सर्वांच्या घरी सारखी उतरत नाही. यावर उपाय सामायिक छपराचा आहे: मच्छीमार सहकारी सोसायट्यांनी सार्वजनिक छपरांवर संच उभारावेत आणि त्यांतील वाटा सभासदांच्या बिलांत वजा व्हावा. सहकाराचे नाव घेताच अनेकांना मुळा-प्रवरा वीज संस्थेचे स्मरण होईल. सुमारे चाळीस वर्षे चाललेल्या त्या संस्थेचा परवाना थकबाकीच्या दीर्घ वादानंतर २०११ साली संपुष्टात आला. ते स्मरण राहावेच. सहकार म्हणजे वसुलीतून सुटका नव्हे, आणि ज्या संस्थेचा हिशेब दरवर्षी उघड्यावर वाचला जात नाही तिचे छप्पर कितीही उजळ असले तरी पाया अंधारातच राहतो.

आणखी एक कसोटी निसर्गाने आपल्यासमोर ठेवली आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले, आणि श्रीवर्धनापासून दापोली-मंडणगडापर्यंत विजेचे खांब काडेपेटीतील काड्यांसारखे मोडून पडले. दापोली तालुक्यात माझ्या आत्याच्या घरी तीन आठवडे वीज नव्हती. माडांच्या झावळ्यांखाली विहीर झाकली गेली होती, पंप मुका होता, आणि मुंबईतल्या मुलाला ‘आम्ही जिवंत आहोत’ एवढे कळवण्यासाठी कोणाच्या तरी मोटारीवर फोन चार्ज करून आणावा लागत होता. त्या वाडीत एका घरावर सौर संच होता. वादळात तो टिकलाही होता. परंतु त्या घरातही अंधार होता. वाहिनीशी जोडलेला साधा सौर संच वाहिनीत वीज नसली की आपोआप बंद होतो, कारण तसे न झाले तर दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या माणसाच्या जिवाला धोका होईल. नियम योग्यच आहे. पण छपरावर ऊन असून घरात काळोख पाहण्याचा तो अनुभव आत्या अजून विसरलेली नाही. म्हणून किनाऱ्यावरील शहराने निदान रुग्णालय, पाणीपुरवठ्याचा पंप, दूरध्वनीचा मनोरा आणि निवाऱ्याची शाळा या ठिकाणी बॅटरीसह स्वतंत्र चालणारी व्यवस्था ठेवलीच पाहिजे, आणि संचांचे सांगाडे जस्ताचा पक्का मुलामा दिलेले व वादळाचा वारा झेलतील असे जखडलेले असले पाहिजेत. खाऱ्या हवेत साधे लोखंड किती पावसाळे टिकते हे कोकणातल्या प्रत्येक खिडकीच्या गजाला ठाऊक आहे.

हे सर्व मांडून झाल्यावरही प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे, की बंदराच्या ऊर्जेचा फार मोठा भाग विजेचा नाहीच. तो डिझेलचा आहे. मच्छीमाराच्या बोलण्यात विजेच्या बिलापेक्षा डिझेलच्या परताव्याची चर्चा अधिक असते, आणि खोल समुद्रात जाणाऱ्या बोटीला आज तरी डिझेलावाचून गती नाही. तसेच मोठे कारखाने, रेल्वे आणि महानगरे केवळ छपरांवर चालणार नाहीत. त्यांना मोठी केंद्रे आणि दूरवर पसरलेल्या वाहिन्या लागतीलच. परंतु सर्व प्रश्न सुटत नाहीत म्हणून सुटणारा प्रश्न टाळावा, हा न्याय कोणत्याही व्यवहारी माणसास मान्य होणार नाही. आणि निर्मितीच्या आधी काटकसर आहे: पंचाहत्तर वॅटच्या पंख्याचे काम अठ्ठावीस-तीस वॅटचा पंखा करतो, बंबातील लाकडांचे काम छपरावरील सौर बंब करतो; न वापरलेल्या युनिटाला ना खांब लागतो, ना रोहित्र, ना अनुदान.

म्हणून माझी सूचना साधी आहे. रत्नागिरीसारख्या प्रत्येक बंदराच्या नगर परिषदेने वर्षातून एकदा शहराचा ऊर्जेचा जमाखर्च सिद्ध करावा. किती युनिट वीज आली, ती कोणत्या तासाला कोठे गेली, किती आपल्या छपरांवर निर्माण झाली, किती डिझेल जळले, आणि कोणत्या वस्तीच्या वाट्याला काय आले, एवढे त्यात असावे. तो कचेरीच्या फळ्यावर डकवून थांबू नये. १ ऑगस्टला बंदी उठते, त्याच्या आदल्या दिवशी तो बंदरावर, लिलावाच्या ओट्यावर, सर्वांना ऐकू जाईल असा वाचून दाखवावा. त्या दिवशी बर्फाच्या कारखान्यांतील यंत्रे दोन महिन्यांच्या विश्रांतीनंतर पुन्हा धडधडू लागलेली असतात आणि पहिले डबे खाऱ्या पाण्यात उतरलेले असतात. दुसऱ्या दिवशी पहाटे पहिली लादी उचलणाऱ्या खलाशाला तिचा भाव ठाऊक असेलच. पण तिच्यात किती ऊन आहे, किती पाणी आहे, किती कोळसा आहे, आणि त्यांपैकी आपल्या गावाचे किती आहे, हेही त्याला सांगता आले, तर खोपोलीच्या पहिल्या तारेपासून केवळ देत आलेल्या या किनाऱ्याच्या वहीत जमेची पहिली ओळ त्याच्या हाताने लिहिली जाईल.